नाके उठतात ते मनातून

१४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन या गावी पाच देशांनी करार केला आणि मार्च १९९५ पासून युरोपातील अंतर्गत सीमांवरील तपासणी उठू लागली. आज २९ देश या व्यवस्थेत आहेत. तरीही जर्मनीने २०१५ मध्ये निर्वासितांचे लोंढे येताच ऑस्ट्रियाच्या सीमेवर पोलीस उभे केले आणि १६ सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सर्वच भूसीमांवर तपासणी लागू केली. आगगाडीतील वा मोटारीतील प्रवाशाला मध्येच थांबवून ओळखपत्र विचारले जाऊ लागले. घराचा दरवाजा राखला नाही, की आतल्या खोल्यांना कुलपे लावावी लागतात, हाच याचा अर्थ.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्व भागाला अशी सीमा अपरिचित नाही. नेवासे, शेवगाव, जामखेड या तालुक्यांची हद्द संपली, की १९४८ पर्यंत निजामाचे राज्य सुरू होई. गोदावरीच्या अलीकडे टोके, पलीकडे कायगाव. पात्र एक, परंतु अंमल दोन. पलीकडे हाली सिक्का चाले आणि मालावर निजामाचे करोडगिरी खाते जकात घेई. नाथषष्ठीसाठी पैठणला निघालेला वारकरीही परक्या राज्यात पाऊल टाकी. पुढे रझाकारांच्या अत्याचारांनी त्रस्त झालेल्या अनेक कुटुंबांना हीच हद्द ओलांडून आश्रय शोधावा लागला.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली. पोलादी पुरुष सरदार पटेल यांच्या निर्धाराने राज्याची सीमा पुसली गेली. पण समाजाच्या मनात ती कधी नव्हतीच. जामखेड तालुक्यातील चौंडी येथे जन्मलेल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी १७८० मध्ये काशीविश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले. काशी त्यांच्या राज्यात नव्हती. तरीही ते कार्य परक्या भूमीत होत आहे, असे ना त्यांना वाटले, ना काशीकरांना. युरोपने आधी करार केला आणि एकत्व मागाहून शोधले. भारतात एकत्व आधीपासून होते, राज्यघटना त्यावर उभी राहिली. म्हणूनच करार संकटात डळमळतो, राष्ट्र डळमळत नाही.

मात्र या वारशाने निर्धास्त होणे परवडणारे नाही. बांगलादेशाशी असलेली ४,०९६ किलोमीटरची सीमा राखणे हे शासनाचे कर्तव्य आहे आणि त्यात ढिलाई नको. परंतु समाजाचेही एक कर्तव्य आहे. मणिपूर वा नागालँडमधून महाराष्ट्रात शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला केवळ चेहऱ्यावरून ‘तू कुठल्या देशाचा?’ असे विचारणारा माणूस स्वतःच एक नाका उभा करीत असतो. सरहद्दीवर जागता पहारा हवा, तो देशाच्या आत आपल्याच बांधवाला कोणी अडवू नये म्हणून. गोदावरीवरचा नाका उठवायला सैन्य लागले. मनातला नाका ज्याचा त्यानेच उठवायचा आहे.