साठवले, पण सापडत नाही

विद्यापीठांतील संशोधन संगणकीय जाळ्याने जोडण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ साली ‘इन्फ्लिबनेट’ सुरू केले. आरंभी हा प्रकल्प पुण्याच्या ‘आयुका’च्या छत्राखाली होता. पुढे २००९ च्या नियमांनी पीएच.डी. प्रबंधाची संगणकीय प्रत देणे बंधनकारक केले. अशा प्रती ‘शोधगंगे’त साठतात. हे कार्य मोलाचेच आहे. परंतु साठवलेले सापडत नसेल, तर त्याला माहितीचे जाळे म्हणावे की अडगळीची खोली?

तेथील अनेक मराठी प्रबंध म्हणजे निव्वळ पानांची छायाचित्रे आहेत; काही युनिकोडपूर्व टंकांत अडकलेले आहेत. डोळ्यांना अक्षर दिसते, यंत्राला नाही. शीर्षक हाती लागते; आतला युक्तिवाद, आतला संदर्भ लागत नाही. मग तेच विषय पुनःपुन्हा निवडले जातात आणि पूर्वसूरींच्या खंडनमंडनाची परंपराच खुंटते.

‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेस २०२५ ते २०२७ या वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर झाले, ते ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांच्या नियतकालिकांसाठी. पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकाला ती मिळायलाच हवीत. त्याबद्दल आमची तक्रार नाही. तथापि बाहेरचे ज्ञान विकत आणणाऱ्या शासनाने घरचे ज्ञान वाचनीय करण्याकडे पाठ फिरवावी, हे धोरण नव्हे, ही अनास्था आहे.

आमची मागणी साधी आहे : नवा मराठी प्रबंध युनिकोडमध्येच स्वीकारावा, आणि जुने प्रबंध शोधता येतील अशा अक्षररूपात आणण्यासाठी स्वतंत्र निधी द्यावा. विद्यापीठांच्या मराठी विभागांनीच ही मागणी लावून धरली पाहिजे. आपल्यासाठी ती दुसरे कोण करणार?