जंजिरा पाहिला, राजधानी राहिली

१/ सुकापूर-पनवेलहून सुट्टीच्या दिवशी निघालेली तरुण मंडळी राजपुरीच्या धक्क्यावर उतरतात, शिडाच्या होडीतून जंजिऱ्यात जातात, कलालबांगडी तोफेजवळ छायाचित्र काढतात आणि 'अजिंक्य किल्ला' पाहिल्याच्या समाधानात परततात. एका संस्थानाची राजधानी मात्र पाहायची राहून जाते.

२/ 'जंजिरा' हा शब्द अरबी 'जझीरा' म्हणजे बेट यावरून आला. येथील सत्ताधारी सिद्दी मूळचे आफ्रिकेतील हबशी. म्हणून त्यांच्या मुलखाला 'हबसाण' म्हणत. निजामशाही, आदिलशाही, मोगल असे धनी बदलले, पण आरमार सिद्द्यांच्याच हाती राहिले.

३/ अशा सत्तेचा प्राण खाडीच्या मुखाशी असतो. 'क्वाला तेरेंगानू' या मलय राजधानीच्या नावातील 'क्वाला'चा अर्थही नदीमुख. ज्याच्या ताब्यात मुख, त्याच्या ताब्यात गलबतांची ये-जा.

४/ म्हणूनच शिवाजी महाराजांनी जंजिऱ्यासमोर पद्मदुर्ग उभारला. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये समुद्रात भराव घालून बेट गाठण्याचा प्रयत्न केला. हा झगडा प्रामुख्याने किनाऱ्यावरील हुकमतीचा होता.

५/ त्याला केवळ धर्मयुद्ध म्हणणाऱ्यांनी श्रीवर्धनकडे पाहावे. पेशवे झालेल्या बाळाजी विश्वनाथांच्या भट घराण्याकडे तेथील देशमुखी होती, आणि ती सिद्दीच्या मुलखात! संस्थानची बहुसंख्य प्रजाही हिंदूच होती.

६/ १७३६ मध्ये चिमाजी अप्पांशी झालेल्या लढाईत सिद्दी सात मारला गेला. सत्तेला ओहोटी लागली, तरी संस्थान १९४८ पर्यंत टिकले. कारभार बेटावरून मुख्य भूमीवरील मुरूडला आला. तेथे नवाबांचा राजवाडा उभा राहिला. खोकरीच्या दगडी कबरी त्याच घराण्याच्या स्मृती जपतात.

७/ किल्ल्याच्या कीर्तीमुळे पर्यटक येतात, होडीवाल्यांची चूल पेटते, हे खरेच. परंतु 'अजिंक्य' हे विशेषण इतिहासाला हार-जितीच्या तक्त्यात कोंबते. आफ्रिकेतून आलेली माणसे कोकणी कशी झाली, महसूल कोण गोळा करी, प्रजा कशी जगे, हे प्रश्न त्या तक्त्यात मावत नाहीत.

८/ किल्ला लढाई सांगतो, राजधानी राज्य सांगते. जंजिऱ्याला जाणाऱ्याने खोकरी आणि मुरूडसाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. ज्या सिद्द्यांना आपण केवळ शत्रू म्हणून ओळखतो, ते याच मातीत विसावले आहेत. त्यांना वगळून कोकणचा इतिहास पुरा होत नाही.