क्रमांक लिहिण्यापूर्वी

स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला की शिक्षकाने शाळेच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. ते काम या अंकात आमच्या सहकाऱ्यांनी केलेलेच असेल. आम्ही मात्र एक असा विषय निवडला आहे, की जो प्रथमदर्शनी पोरखेळ वाटण्याचा संभव आहे. खेळण्यातल्या डिझेल इंजिनाचे प्लास्टिकचे कवच कापून, घासून, भरून ते एखाद्या खऱ्या इंजिनाबरहुकूम करणे, हा तो विषय. इतिहासाच्या शिक्षकाला त्याच्याशी काय कर्तव्य, असा प्रश्न वाचकांना पडेल. आम्हांलाही तो पडला होता.

आमच्या वसतिगृहात सात वर्षे काढलेला एक माजी विद्यार्थी आज अमेरिकेतील टेक्सास राज्यात नोकरी करतो. गेल्या उन्हाळ्यात तो भेटीस आला, तेव्हा त्याने खोक्यातून वीतभर लांबीचे एक इंजिन काढून टेबलावर ठेवले. त्याचा चालककक्ष करवतीने कापून काढला होता, छतावरची काही छिद्रे बुजवली होती आणि जागोजागी पांढऱ्या प्लास्टिकची ठिगळे दिसत होती. आम्ही म्हणालो, “अरे, चांगली वस्तू मोडलीस कशाला?” तो म्हणाला, “सर, मोडली नाही, दुरुस्त करतो आहे. कंपनीने केले ते चूक होते असेही नाही. पण ते दुसऱ्याच क्रमांकाचे इंजिन होते.” हे उत्तर आमच्या मनात घर करून राहिले.

अमेरिकेत या छंदाची सर्वांत रूढ पट्टी ‘एचओ’ नावाने ओळखली जाते. तिचे प्रमाण सुमारे १:८७. रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर, म्हणजे प्रत्यक्षातील १४३५ मिलिमीटरच्या प्रमाणित गेजची प्रतिकृती. खेळणी करणारी कंपनी एक साचा तयार करते आणि त्यातून निघालेले कवच दहा रेल्वे कंपन्यांच्या दहा रंगांत विकते. प्रत्यक्षात मात्र एकाच नमुन्याची इंजिने प्रत्येक रेल्वेने आपापल्या गरजेनुसार वेगवेगळी घडवून घेतली होती. जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रो-मोटिव्ह विभागाचे ‘एसडी-४०-२’ हे १९७२ पासून निघालेले इंजिन घ्या. बहुतेक कंपन्यांनी त्याचे पुढचे नाक ठेंगणे घेतले. नॉरफोक अँड वेस्टर्न आणि सदर्न या कंपन्यांनी ते उंच ठेवले. घाटमार्गांवर उतारासाठी डायनॅमिक ब्रेक लागतो, म्हणून तो असलेल्या इंजिनाच्या छताच्या मध्यावर पंखे दिसतात. तो ब्रेक न घेणाऱ्या कंपनीच्या इंजिनावर तो भाग सपाट असतो. साचा हा भेद जाणत नाही. रंग बदलला म्हणजे कंपनी बदलली, असे तो गृहीत धरतो.

यातला प्रत्येक फरक सकारण आहे. सदर्न पॅसिफिक कंपनीचा एक मार्ग सिएरा नेवाडा पर्वतातून, डॉनर खिंडीच्या परिसरातून जात असे. तेथे बोगदे आहेत आणि बर्फापासून रूळ वाचवण्यासाठी बांधलेली लांब छपरे आहेत. अनेक इंजिने एकापाठोपाठ जोडून चढ चढताना पुढच्या इंजिनांचा तप्त धूर बोगद्याच्या माथ्याशी कोंडतो. मागच्या इंजिनांचे हवा घेण्याचे झरोके वरच्या बाजूस असल्यामुळे ती तीच तप्त हवा ओढून घेत आणि त्यांचे तापमान वाढत जाई. म्हणून १९७२ पासून ‘एसडी-४५टी-२’ व पुढे ‘एसडी-४०टी-२’ या नमुन्यांत ते झरोके खाली, पायवाटेच्या पातळीवर आणले गेले, कारण थंड हवा तेथे असते. या इंजिनांना ‘टनेल मोटर’ असेच नाव पडले. त्यांची तयार प्रतिकृती बाजारात नव्हती त्या काळात छांदिष्टांनी साध्या कवचाचा मागचा भाग कापून हे झरोके स्वतः बसवले. तसे करताना, झरोका तेथे का आहे, हे त्यांना समजून घ्यावेच लागले. एका छिद्राच्या जागेत पर्वत, हिमवर्षाव आणि चालकांची अडचण साठवलेली असते.

आमच्या विद्यार्थ्याच्या हातातले इंजिन ‘सीएफ-७’ होते. त्याची कथा अधिक बोधप्रद आहे. सांता फे रेल्वेपाशी ‘एफ-७’ या जातीची जुनी इंजिने होती. त्यांचे अंग संपूर्ण बंद असल्याने चालकाला मागचे दिसणे कठीण, आणि यार्डात डबे जोडण्या-तोडण्याच्या कामी ती गैरसोयीची. टेक्सासमधील क्लिबर्न येथील कारखान्यात १९७० ते १९७८ या काळात कामगारांनी अशी २३३ इंजिने कापून नव्या रूपात उभी केली. काम सोपे नव्हते. ‘एफ-७’च्या अंगाच्या भिंतीच भार वाहत असत, त्यामुळे त्या काढल्यावर खाली नवी मजबूत चौकट घडवावी लागली. आरंभीच्या इंजिनांवर जुन्या चालककक्षाचे गोलसर छप्पर तसेच राहिले; पुढे त्या जागी कोनदार कक्ष आला. म्हणून कवच गोल छपराचे असेल आणि छायाचित्रातील क्रमांकाच्या इंजिनावर कोनदार कक्ष असेल, तर कापणे भाग आहे. क्लिबर्नच्या कामगारांनी पोलादावर जे केले, तेच आमचा विद्यार्थी प्लास्टिकवर करीत होता. त्या कामगारांची नावे बहुधा कोणत्याही ग्रंथात नसतील. त्यांचे काम मात्र असे कोणी लक्ष देऊन पाहिले म्हणजे पुन्हा डोळ्यांसमोर उभे राहते.

कामाची रीतही सांगितली पाहिजे. प्रथम पुरावा: दोन्ही बाजूंची छायाचित्रे, शक्य तर पुलावरून घेतलेले छताचे चित्र, मोजमापांचे आराखडे, आणि प्रत्येकावर तारीख. मग कवचावरचा रंग उतरवायचा. साच्यातच उठवलेले जाड दांडे धारदार पात्याने तासून काढायचे, बारीक छिद्रे पाडून तेथे तारेचे दांडे बसवायचे. खऱ्या दांड्याची जाडी एक इंच धरली तर तार ०.३ मिलिमीटरची हवी. नको असलेली छिद्रे प्लास्टिकच्या पट्टीने बुजवून लांबी भरायची आणि ओल्या पॉलिश पेपरने घासायचे. मग प्रायमरचा राखाडी हात द्यायचा. तो हात फार प्रामाणिक असतो. डोळ्यांना आणि बोटांना न जाणवलेला प्रत्येक सांधा तो उघडा पाडतो. पुन्हा लांबी, पुन्हा घासणे. रंग त्यानंतर, आणि क्रमांक सर्वांत शेवटी.

या खटाटोपाची थट्टा करणारे त्या छंदातही आहेत. बारकाव्यांच्या मागे लागणाऱ्यांना ते ‘रिव्हेट मोजणारे’ म्हणतात. तीन फुटांवरून बरे दिसले म्हणजे झाले, असा त्यांचा युक्तिवाद असतो. तो सर्वस्वी टाकाऊ आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्याला गाडी फिरताना पाहण्याचा आनंद हवा, त्याने तो खुशाल घ्यावा. लहान मुलाच्या हातून इंजिन हिसकावून झरोके मोजणे हा अरसिकपणा ठरेल. हा छंद खर्चिक आहे, ही गोष्टही आम्ही नाकारीत नाही. परंतु आमचे मत असे की, कवचावर विशिष्ट कंपनीचे नाव आणि विशिष्ट क्रमांक लिहिला, की ते खेळणे राहत नाही. ते विधान होते. ‘हे अमुक इंजिन, तमुक वर्षी असे होते’ असे ते सांगू लागते. आणि विधान करणाऱ्यावर पुराव्याची जबाबदारी येते. निनावी इंजिन कसेही असो. क्रमांकाचे इंजिन तसेच असले पाहिजे.

आता आमच्या वर्गाकडे वळू. आम्ही इतिहास शिकवतो तो बहुधा साच्यातून. एकच ‘जुने खेडे’, एकच ‘गरीब शेतकरी’, एकच ‘प्राचीन लेणे’. वर फक्त नाव आणि सनावळी बदलते. मुले ती पाठ करतात आणि गुणही मिळवतात. काही वर्षांपूर्वी आमच्या प्रदर्शनात एका मुलाने पुठ्ठ्याचे इंजिन करून त्यावर ‘डब्ल्यूडीएम-२’ असे लिहिले होते. ज्याचे वडील रेल्वेत गँगमन होते असा त्याचा एक वर्गमित्र म्हणाला, “याच्या खिडक्या अशा नसतात.” आम्ही त्या वेळी त्याला गप्प केले. आज त्याचे वाईट वाटते. अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या आराखड्यावरून आलेले आणि १९६४ पासून वाराणसीस बांधले गेलेले हे इंजिन त्या मुलाने रोज पाहिले होते. एका तुकडीतील इंजिनांचे नाक ठेंगणे व खिडक्या मोठ्या होत्या, इतरांच्या नव्हत्या. त्याला विचारायला हवे होते, “तू कोणते पाहिलेस? कोठे? केव्हा?” त्या तीन प्रश्नांतून इतिहासाचा खरा तास सुरू झाला असता.

पुराव्याला शरण जाणे म्हणजे पूर्णत्वाचा दावा करणे नव्हे. भारतीय इंजिन १:८७ प्रमाणात केले आणि १६.५ मिलिमीटरच्या रुळांवर ठेवले, तर कवच कितीही अचूक असो, खालचे गेज चुकलेलेच असते. कारण आपले ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर आहे. प्रामाणिक कारागीर ही उणीव लपवीत नाही. कोठे जुळले आणि कोठे जुळले नाही, हे तो स्वतःहून सांगतो. आपल्या मुलांना प्रबंध लिहिता येण्यापूर्वी एवढे सांगता आले, तरी शिक्षण सार्थकी लागले असे आम्ही समजू.

म्हणून या निमित्ताने आम्ही संस्थेपुढे एक सूचना ठेवतो. आपले पहिले, पत्र्याचे वसतिगृह आता उरलेले नाही. त्याची छायाचित्रे थोडी आहेत आणि तेथे राहिलेल्यांचे केस पांढरे झाले आहेत. नववीच्या मुलांनी त्यांना भेटून, विचारून, मोजून त्या इमारतीची प्रतिकृती करावी. दार पूर्वेला होते की उत्तरेला, यावर दोघांचे मत जुळले नाही तर तिसऱ्याकडे जावे. चुकले तर कापावे, लांबी भरावी, पुन्हा घासावे. आणि सर्व झाल्यावर, अगदी शेवटी, खाली वर्ष लिहावे.