बंद रुळांचे राखणदार

रेल्वेचा एखादा फाटा बंद होतो तेव्हा त्याची कारणे बहुधा आकड्यांत सांगितली जातात. प्रवासी इतके, उत्पन्न इतके, खर्च इतका. हिशेबात तूट दिसते आणि त्या तुटीखाली एका अधिकाऱ्याची सही होते. गावकरी निवेदने देतात, वृत्तपत्रांत चार पत्रे येतात, शेवटच्या गाडीला हार घातले जातात आणि मग रूळ भंगारात जातात. हा क्रम जगभर जवळजवळ सारखाच आहे. तो चुकविण्याचे सामर्थ्य सामान्य नागरिकांत असते काय, हा प्रश्न मात्र क्वचितच गंभीरपणे विचारला जातो. इंग्लंडमधील ससेक्स परगण्यातील एका आडवळणाच्या मार्गाने या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते केवळ रेल्वेच्या शौकिनांनी वाचावे असे नाही. लोकसत्ता आणि लोकांची मालमत्ता यांचा संबंध काय असावा, याविषयीचे ते उत्तर आहे.

ल्यूइस आणि ईस्ट ग्रिन्स्टेड या दोन गावांना जोडणारा हा मार्ग १८८२ साली सुरू झाला. आजूबाजूला शेती, जंगल आणि विखुरलेली खेडी. त्यामुळे गाड्यांना गर्दी अशी कधी नव्हतीच. १९४८ मध्ये ब्रिटिश रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर तोट्यातील फाटे मोजण्यास आरंभ झाला आणि १९५५ च्या मे महिन्यात हा मार्ग बंद करण्यात आला. येथवरची कथा नेहमीचीच. परंतु चेली गावच्या एका स्त्रीने जुने कायदे काढून वाचले, आणि मार्ग ज्या कायद्यान्वये मोठ्या कंपनीकडे सोपविण्यात आला त्या १८७८ च्या कायद्यातील एका कलमाकडे तिने बोट दाखविले. या मार्गावर दररोज दोन्ही दिशांना चार प्रवासी गाड्या चालविणे बंधनकारक आहे, असे ते कलम स्पष्ट म्हणत होते. ते संसदेने रद्द केलेले नव्हते. अर्थात रेल्वेने मार्ग बंद केला तो कायदा मोडून.

रेल्वेला १९५६ च्या ऑगस्टमध्ये गाड्या पुन्हा सुरू कराव्या लागल्या. तथापि ज्या प्रशासनाला एखादी गोष्ट करावयाचीच नसते, ते ती कशी करते याचा वस्तुपाठ पुढील दीड वर्षात पाहावयास मिळाला. कायद्यात ज्या स्थानकांचा उल्लेख नव्हता, तेथे गाडी थांबेना. वेळा अशा ठेवल्या गेल्या की नोकरीवर जाणाऱ्याला त्यांचा उपयोग होऊ नये. लोकांनी या सेवेला ‘रुसलेली सेवा’ असेच नाव दिले. प्रकरण संसदेत गेले, चौकशी झाली, तीत रेल्वेवर ताशेरेही ओढले गेले. पण अखेर ते अडचणीचे कलमच संसदेकडून रद्द करवून घेण्यात आले आणि १९५८ च्या मार्चमध्ये मार्ग दुसऱ्यांदा बंद झाला. एका नागरिकाच्या कायद्याच्या वाचनाने राज्ययंत्रणेला तीन वर्षे रोखून धरले, ही गोष्ट लहान नाही. परंतु केवळ कायद्याच्या आधाराने एखादी संस्था जिवंत राहत नाही, हेही तिने दाखवून दिले. कायदा गाडी चालविण्याची सक्ती करू शकतो. ती मनापासून चालविण्याची सक्ती त्याला करता येत नाही.

नेमक्या याच जागी पुढचे पाऊल पडले. १९५९ च्या मार्चमध्ये काही तरुण विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने एक संस्था स्थापन झाली. तिचा पहिला संकल्प संपूर्ण मार्ग विकत घेऊन त्यावर नियमित व्यापारी वाहतूक करण्याचा होता. तो साधला नाही. पैसा नव्हता, आणि स्थानिक रहिवाशांपैकी बहुसंख्यांना या उद्योगात फारसा रसही नव्हता. जे लोक या चळवळीचे केवळ गोडवे गातात त्यांनी हा तपशील विसरू नये. संस्थेने मग आपली उडी आखूड केली. शेफील्ड पार्कपासून हॉर्स्टेड कीन्सच्या अलीकडेपर्यंतचा सुमारे आठ किलोमीटरचा तुकडा भाडेपट्ट्याने घेतला, एकदोन जुनी इंजिने आणि डबे मिळविले आणि ७ ऑगस्ट १९६० रोजी पहिली गाडी सोडली. वसंतात रुळांच्या कडेला फुलणाऱ्या निळ्या फुलांवरून तिला ‘ब्लूबेल रेल्वे’ हे नाव मिळाले. प्रमाण गेजच्या मार्गावर वाफेच्या इंजिनाने नियमित प्रवासी वाहतूक करणारी, स्वयंसेवकांनी राखलेली ही पहिली रेल्वे होय.

या प्रयत्नाला एक पूर्वोदाहरण होते. वेल्समधील टॅलिलिन ही पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी १८६० च्या दशकात बांधलेली अरुंद रेल्वे. ती इतकी क्षुल्लक होती की राष्ट्रीयीकरणाच्या यादीतही तिचा समावेश झाला नाही. आपण हयात असेतो ती चालू ठेवू, हा तिचे मालक सर हेन्री हेडन जोन्स यांचा निश्चय होता. १९५० मध्ये ते निवर्तले आणि ती बंद पडणार हे उघड झाले. तेव्हा लेखक एल. टी. सी. रोल्ट यांच्यासह काही मंडळींनी बर्मिंगहॅम येथे सभा बोलावली, संस्था काढली आणि १९५१ च्या मे महिन्यात गाड्या स्वतः चालविण्यास आरंभ केला. स्वयंसेवकांनी चालविलेली जगातील ही पहिली रेल्वे. आज ब्रिटनमध्ये अशा रेल्वे शंभराहून अधिक आहेत.

‘स्वयंसेवक’ हा शब्द आपल्याकडे फार सैलपणे वापरला जातो. छातीवर फीत लावून मंडपात फिरणे म्हणजे स्वयंसेवा, असा समज दृढ झालेला आहे. या रेल्वेंवरील स्वयंसेवा त्याहून निराळी आहे. इंजिनावर उभे राहण्याची ज्याला इच्छा आहे त्याने आधी चिंध्या घेऊन इंजिन पुसावयाचे. मग परीक्षा देऊन फायरमन व्हावयाचे. आणि कित्येक वर्षांनी, पुन्हा परीक्षा देऊन, चालक. मधली पायरी गाळता येत नाही. आठवडाभर शाळेत शिकविणारा अथवा कचेरीत कारकुनी करणारा मनुष्य शनिवारी सकाळी सिग्नलच्या केबिनमध्ये उभा राहतो, तेव्हा त्याच्या हातातील तरफ ही खेळातली तरफ नसते. गाडीत खरी माणसे बसलेली असतात. म्हणूनच या रेल्वेंना सरकारी निरीक्षकांची तपासणी चुकत नाही, बहुतेकींना ताशी चाळीस किलोमीटरच्या आतच धावावे लागते, आणि इंजिनाचा बॉयलर साधारणपणे दर दहा वर्षांनी संपूर्ण उघडून दुरुस्त करावा लागतो. मोठ्या रेल्वेंवर काही पगारी नोकरही असतात. वेतन नाही म्हणून जबाबदारी कमी नाही, हे या चळवळीचे मूळ सूत्र आहे; आणि तिच्या दीर्घायुष्याचे रहस्यही तेच आहे.

या चिकाटीचे फळ २०१३ साली दिसले. ब्लूबेलने १९९२ आणि १९९४ मध्ये उत्तरेकडे टप्प्याटप्प्याने मार्ग वाढविला होता. ईस्ट ग्रिन्स्टेडला पोचावयाचे राहिले होते. वाटेत इम्बरहॉर्नची खोदाई होती. मार्ग बंद झाल्यावर ही खोल खोदाई म्हणजे आयता खड्डाच, असे मानून तेथे घरोघरचा कचरा टाकण्यात आला होता. हा हजारो टन कचरा उपसून रेल्वेनेच वाहून न्यावा लागला. त्यासाठी लोकवर्गणीचा मोठा निधी उभारण्यात आला, आणि २३ मार्च २०१३ रोजी शेफील्ड पार्कहून सुटलेली गाडी सुमारे अठरा किलोमीटरचे अंतर कापून ईस्ट ग्रिन्स्टेडला, म्हणजे लंडनशी जोडलेल्या राष्ट्रीय मार्गाच्या शेजारी, येऊन उभी राहिली. एका पिढीने खर्च वाचविण्यासाठी जे बुजविले ते उकरण्यासाठी दुसऱ्या पिढीला कितीतरी पटींनी अधिक खर्च करावा लागला. बंद करण्याच्या हिशेबात हा खर्च कोणी धरीत नाही. शेफील्ड पार्कच्या दक्षिणेकडील, ल्यूइसपर्यंतचा मार्ग तर अद्याप परत आलेला नाही.

या सर्व खटाटोपावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो दुर्लक्षणीय नाही. ही रेल्वे म्हणजे अखेर मोठ्या माणसांचे खेळणे. तिच्याने खेड्यातील विद्यार्थी महाविद्यालयात पोचत नाही, की रोगी रुग्णालयात पोचत नाही, असे टीकाकार म्हणतात. यात तथ्य आहे. अशा बहुतेक रेल्वे सुट्टीच्या दिवशी आणि उन्हाळ्यात चालतात. त्यांचा प्रवासी सहलीला आलेला असतो. १९६३ च्या बीचिंग अहवालाने ब्रिटनमधील सुमारे आठ हजार किलोमीटरचे मार्ग आणि दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करण्याची शिफारस केली. त्यामुळे खेड्यांच्या दळणवळणाची जी हानी झाली ती शंभर वारसा रेल्वेंनी भरून निघालेली नाही. शिवाय या संस्थांपुढे आज नव्या अडचणी आहेत. वाफेच्या इंजिनाला लागणारा चांगला कोळसा ब्रिटनमधील खाणी मिटल्यामुळे परदेशांतून आणावा लागतो, आणि अनुभवी स्वयंसेवकांचे वय वाढत चालले आहे. तेव्हा नागरिकांनी रेल्वे चालविली म्हणून शासनाने आपल्या कर्तव्यातून हात झटकावेत, असा अर्थ कोणी यातून काढू नये. स्वयंसेवा हा सार्वजनिक वाहतुकीला पर्याय नव्हे. परंतु शासनाने ज्याचा त्याग केला ते नष्टच झाले पाहिजे असेही नव्हे, एवढाच या प्रयोगाचा दावा आहे, आणि तो सिद्ध झालेला आहे.

महाराष्ट्राचा या विषयाशी जुना संबंध आहे. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू करणारे एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे इंग्रज अभियंते. अडीच फुटी गेजवरही सक्षम रेल्वे चालविता येते, हे त्यांनी बार्शीला सिद्ध केले. आणि तोच अनुभव घेऊन इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्याची रेल्वे १९०४ साली उभी राहिली. ती १९३४ मध्ये बंद पडली. तोवर स्वयंसेवकांनी रेल्वे राखण्याची कल्पना कोणाच्या मनात उगवलेली नव्हती. आज त्या जागी पायवाट आहे. बार्शी लाइटचे दैव अधिक चांगले ठरले. वारकऱ्यांना पंढरपूरला नेणारी ही गाडी १९५४ मध्ये सरकारच्या ताब्यात आली आणि पुढे टप्प्याटप्प्याने तिचा मार्ग ब्रॉडगेज झाला. लातूर आणि पंढरपूरला थेट गाड्या जाऊ लागल्या, याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. लोकांना वेगाची व सोयीची गाडी मिळत असेल, तर जुन्या रुळांसाठी ती अडवून धरणे हा वारशाचा अभिमान नव्हे, हट्ट आहे.

परंतु सर्वच मार्गांचे तसे झालेले नाही. वऱ्हाडातील कापूस वाहून नेण्यासाठी इंग्रजी कंपनीने बांधलेली, यवतमाळ, मूर्तिजापूर आणि अचलपूर यांना जोडणारी ‘शकुंतला’ स्वातंत्र्यानंतरही खाजगी मालकीचीच राहिली. गाड्या मात्र भारतीय रेल्वे चालवी. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन तिच्यावर १९९४ पर्यंत राबत होते. पुढे डिझेल आले, आणि काही वर्षांपूर्वी गाड्याच थांबल्या. ब्रॉडगेजची घोषणा झालेली आहे आणि ती पुरी व्हावी यासाठी त्या भागातील जनतेने आवाज उठविलेला आहे. ही मागणी न्याय्य आहे. खेड्यातल्या मजुराला आधी गाडी हवी, वारसा नंतर.

तथापि या दोहोंत विरोध मानण्याचे कारण नाही. मोठा मार्ग जेथून जाईल तेथून जाओ. पण जुन्या मार्गाचा एखादा पाचसहा किलोमीटरचा तुकडा, एखादे स्थानक, थोडे डबे आणि एक इंजिन स्थानिक संस्थेच्या हाती देता येणार नाही काय? नेरळ-माथेरानची १९०७ सालची गाडी २०१९ च्या पावसात खंडित झाली आणि २०२२ मध्ये रेल्वेने ती पुन्हा सुरू केली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु तेथेही नागरिकाची भूमिका तिकीट काढणाऱ्याची अथवा तक्रार करणाऱ्याचीच आहे. बार्शी लाइटच्या काळात कुर्डुवाडीला उभ्या राहिलेल्या कारखान्यात ज्यांचे हात घडले, असे निवृत्त कामगार अद्याप आहेत. त्यांचे ज्ञान त्यांच्याबरोबर जाणार की पुढच्या पिढीतील तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांना मिळणार, हा निर्णय फार काळ लांबणीवर टाकता येणारा नाही. रूळ एकवेळ पुन्हा घालता येतात. हाताचे कसब एकदा गेले की परत येत नाही.

यासाठी शासनाकडून दोन गोष्टींची अपेक्षा करणे गैर ठरू नये. बंद केलेल्या मार्गाचे रूळ आणि जमीन ठराविक मुदतीपर्यंत मोडीत काढू नयेत, आणि त्या मुदतीत सक्षम स्थानिक संस्था पुढे आली तर रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या देखरेखीखाली, नाममात्र भाड्याने, तिला मर्यादित मार्ग चालविण्याची मुभा द्यावी. नागरिकांकडून अपेक्षा अधिक कठीण आहे. सत्कार, स्मरणिका आणि उद्घाटने यांत संपणारा उत्साह येथे कामाचा नाही. इंजिन पुसण्यापासून आरंभ करण्याची, हिशेब चोख ठेवण्याची आणि वर्षानुवर्षे न कंटाळता शनिवारी सकाळी हजर राहण्याची तयारी हवी.

सार्वजनिक मालमत्ता ही सरकारची, आणि सरकार म्हणजे दुसरे कोणी तरी, ही समजूत दीडशे वर्षांच्या परकीय राजवटीने रुजविली आणि स्वातंत्र्याने ती पुरती उपटलेली नाही. ससेक्समधील त्या विद्यार्थ्यांकडे ना सत्ता होती ना संपत्ती. बंद पडलेला मार्ग आपला आहे असे त्यांनी प्रथम मानले, आणि नंतर तो आपला करून दाखविला. वऱ्हाडातील गवतात दडलेल्या रुळांकडे पाहताना महाराष्ट्राने त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे ते एवढेच, पण ते थोडे नाही.