बिनतारी चार्जर आणि आजोबांचा पेसमेकर

चेन्नईजवळील श्रीपेरुंबुदूर येथे फॉक्सकॉनच्या कारखान्यात २०२२ साली आयफोन १४ तयार होऊ लागला. तार न जोडता, नुसता चकतीवर ठेवला तरी हा फोन चार्ज होतो. यात जादू काही नाही. चकतीत तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून सतत दिशा बदलणारी वीज वाहते, तेव्हा भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि फोनमधल्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली शोधलेले तत्त्व ते हेच!

दोन्ही वेटोळी समोरासमोर आणि अगदी जवळ हवीत. फोन जरा सरकला की वीज वाया जाते, फोन तापतो. मध्ये नाणे किंवा किल्ली राहू देऊ नये.

घरात कुणाला पेसमेकर बसवलेला असेल तर मात्र अधिक जपावे. या फोनमध्ये लोहचुंबकही असतात. त्यांचा पेसमेकरच्या कामात अडथळा येऊ शकतो. म्हणून फोन पेसमेकरपासून १५ सेंटिमीटरहून अधिक, तर बिनतारी चार्जिंग चालू असताना ३० सेंटिमीटरहून अधिक दूर ठेवावा, अशी कंपनीचीच सूचना आहे. तेव्हा आजोबांच्या शर्टाच्या वरच्या खिशात हा फोन नको आणि त्यांच्या उशाशी ही चकतीही नको.