फ्रीजरइतका थंड शेजारी

आठवीला तारे शिकवत होतो. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, थंड तारा असतो का?" वर्ग हसला, आम्हीही हसलो. घरी येऊन पुस्तके चाळली तेव्हा ते हसणे आमच्याच अंगाशी आले.

ताऱ्यासारखाच जन्मलेला एखादा गोळा वजनात कमी पडतो. गुरूच्या साधारण ७५ ते ८० पट वस्तुमान नसेल तर पोटातली हायड्रोजनची भट्टी टिकत नाही. अशा गोळ्याला तपकिरी बटू म्हणतात. जन्माच्या वेळची ऊब घेऊन तो अब्जावधी वर्षे निवत राहतो.

मग तो दिसतो कसा? चुलीवरून उतरवलेला तवा डोळ्यांना काळाच दिसतो, पण हात जवळ नेला की धग कळते. ही धग म्हणजे अवरक्त किरण. 'वाइज' या अंतराळ दुर्बिणीने २०१० मध्ये या किरणांत साऱ्या आकाशाची छायाचित्रे घेतली. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या केविन लुहमन यांना त्यात जागा बदलणारा एक ठिपका सापडला. स्पिट्झर दुर्बिणीने पुन्हा पाहून २०१४ मध्ये त्यांनी तो जाहीर केला: वाइज ०८५५-०७१४, वासुकी तारकासमूहात, जेमतेम सव्वासात-साडेसात प्रकाशवर्षांवर. सूर्याच्या शेजारातले हे चौथे घर, आणि तोवर कुणाला पत्ता नव्हता! (तिसऱ्या घराचा शोधही लुहमन यांचाच, आदल्याच वर्षीचा.)

तापमानाचा पहिला अंदाज होता उणे ४८ ते उणे १३ अंश. आपला फ्रीजर उणे १८ ला असतो. पुढे हा आकडा थोडा वर सरकला, तरी तारा म्हणून तो गारच.

जमिनीवरून त्याला न्याहाळणे महाकठीण, कारण आपली हवा आणि खुद्द दुर्बीणही त्याच किरणांत उजळलेली असते. भर दुपारी पणती शोधण्यासारखेच ते. तरी हवाई बेटावरच्या जेमिनी दुर्बिणीने १३ रात्री मिळून सुमारे १४ तास त्याचा प्रकाश गोळा केला. २०१६ मध्ये त्यात पाण्याची वाफ दिसली, ढगांच्याही खुणा मिळाल्या. नंतर जेम्स वेब दुर्बिणीला तिथल्या मिथेनमध्ये जड हायड्रोजन आढळला. गुरूच्या तेरा पटींहून वजनदार गोळे तो जाळून टाकतात. इथे तो शिल्लक आहे, म्हणजे वजन त्याहून कमी.

दुसऱ्या दिवशी वर्गात हे सांगितले. ती मुलगी म्हणाली, "मग सर, त्याला ग्रहच का म्हणू नये?"

काही शास्त्रज्ञही हेच विचारतात, एवढेच आम्हाला सांगता आले.