बंदुकीचा बार, सायलेन्सर आणि आपले कान



दिवाळीला गावी जाऊन आलेल्या एका सभासदाच्या मुलाने मध्यंतरी आम्हाला एक प्रश्न विचारला. त्यांचे मूळ घर जोयडा तालुक्यात, गुंदच्या बाजूला. आजोबांकडे पीकरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे. भात कापणीला आलेले, रात्री रानडुकरे शेतात उतरली आणि आजोबांनी हवेत बार काढला. हा नातू त्यांच्या डाव्या हाताला, जेमतेम दोन हातांवर उभा होता. दोन दिवस त्याच्या कानात दडे बसले होते, आणि दडे सुटल्यावरही रातकिडे ओरडत राहिले. बंगळूरला परतल्यावर त्याने मोबाईलवर परदेशी शिकाऱ्यांच्या चित्रफिती पाहिल्या. त्यांच्या बंदुकीच्या तोंडावर कसले ना कसले नळकांडे बसवलेले असते. "काका, असे काहीतरी आजोबांच्या बंदुकीला बसवता येईल का? त्यातले कोणते घ्यावे?"

प्रश्न काळजीपोटी विचारलेला आहे. गावाकडे शेती असलेल्या आपल्यातल्या बऱ्याच घरांना तो लागू पडतो, म्हणून उत्तर सर्वांसाठीच लिहीत आहोत.

आवाजाचा हिशेब

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. हे माप आपल्या बेरजेसारखे चालत नाही. १० डेसिबल वाढले की आवाजातली शक्ती दहापट होते, २० वाढले की शंभरपट. बहुतेक बंदुकांचा बार १४० ते १७० डेसिबलच्या दरम्यान असतो. अशा क्षणिक स्फोटासाठी १४० ही धोक्याची रेघ मानतात. तिच्या पलीकडचा एक बारही कान कायमचा बिघडवू शकतो. आपल्याकडे फटाक्यांनाही १९९९ पासून मर्यादा आहे : फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबल. बंदूक तर कानापासून हातभर अंतरावर असते.

कानाच्या आत शंखाच्या आकाराच्या भागात सूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात. त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही अशी ठेव आहे की तीत भरणा होत नाही, फक्त पैसे काढता येतात. सुरुवातीला बारीक, उंच स्वर जातात. माणूस म्हणतो, "मला ऐकू येते, पण बोललेले कळत नाही." सात की आठ, साठ की पाठ, हा घोळ होतो. नातवंडांचे बारीक आवाज आधी हरवतात.

आम्ही नोकरीत असताना शाखेत बंदूकधारी रखवालदार होते, माजी सैनिक. त्यांना काही सांगायचे तर उजव्या बाजूने जाऊन सांगावे लागे. कारण पुढे कळले. उजव्या खांद्याला दस्ता लावून नेम धरला की डावा कान नळीच्या तोंडाकडे येतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो. त्यामुळे उजव्या हाताच्या नेमबाजांचा डावा कान आधी जातो.

नळीच्या तोंडावरची साधने

चित्रफितींत दिसणारी सगळी नळकांडी एकाच कामाची नसतात. मझल ब्रेक बंदुकीचा झटका कमी करतो, पण त्यासाठी तो वायू बाजूला आणि मागे फेकतो. परिणामी चालवणाऱ्याच्या आणि शेजारी उभ्या असलेल्याच्या कानावर आवाज आणखी जोरात आदळतो. दुसरा प्रकार वायू सरळ पुढे ढकलणारा. यात एकूण आवाज फारसा घटत नाही, फक्त चालवणाऱ्यापासून दूर जातो. तिसरा म्हणजे सायलेन्सर. तो वायूला आतल्या कप्प्यांत अडवून, थंड करून हळू सोडतो. साधारण २० ते ३५ डेसिबल कमी होतात. सिनेमात दाखवतात तसा 'फुस्स' आवाज मात्र होत नाही. शिवाय ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचा हवेतला कडाका त्याने थांबत नाही.

या सायलेन्सरचे पेटंट अमेरिकेत १९०९ साली हायरम पर्सी मॅक्सिम यांना मिळाले. त्यांचे वडील मशीनगनचे जनक, आणि बंदुकांच्या चाचण्या करता करता ते बहिरे झाले होते. आज नॉर्वे, फिनलंडमध्ये शिकारी सायलेन्सर सर्रास वापरतात. अमेरिकेत १९३४ पासून त्यावर २०० डॉलर कर होता. तो १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला आहे, नोंदणी मात्र कायम आहे. म्हणूनच सध्या या विषयावर इतक्या चित्रफिती दिसत आहेत.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. त्यातल्या बंदुकीच्या व्याख्येतच बाराचा आवाज किंवा झोत कमी करणारी जोडसाधने घातलेली आहेत. म्हणजे सायलेन्सर हा कायद्याच्या नजरेत सुटा भाग नसून बंदूकच आहे. आजोबांचा परवाना एका ठासणीच्या बंदुकीचा आहे, त्यात तो बसत नाही. परदेशातून मागवणे किंवा गावातल्या लेथवर करून घेणे, दोन्ही गुन्हे आहेत, आणि शिक्षा तुरुंगवासाची आहे.

तांत्रिक अडचण तर त्याहून साधी आहे. ठासणीच्या बंदुकीत दारू, चिंध्या आणि छर्रे तोंडातूनच घालून गजाने ठासतात. त्या तोंडावर काही बसवले तर ठासायचे कुठून? घरगुती जुगाड केला आणि नळी फुटली, तर कान राहतीलच पण डोळेही जातील. गेल्या दिवाळीत मध्य प्रदेशात पाईपच्या कार्बाइड बंदुकांनी कित्येक मुलांच्या डोळ्यांना इजा केली, हे वर्तमानपत्रांत आलेच होते. माकडे हाकायला त्याच बंदुका शेतातही वापरतात. त्याही टाळाव्यात.

जोयड्यात आणखी एक बाजू आहे. तालुक्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात किंवा त्याच्या सीमेवर आहे. दांडेली-अणशी म्हणून हा प्रकल्प २००७ साली जाहीर झाला, २०१५ मध्ये त्याला काळी नदीचे नाव मिळाले. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत बंदुकीचा नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. पीकरक्षणाचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवानाही नव्हे. अशा जंगलाच्या कडेला आवाज दाबणारी बंदूक सापडली, तर चोरट्या शिकारीशिवाय दुसरा अर्थ कोण काढील? आणि आजोबांना बार काढायचा असतो तो आवाजासाठीच. डुकरे आवाजाला पळतात. आवाज दाबला तर बंदुकीचे कामच संपते.

म्हणून वनखात्याला दोष देण्याचा इथे हेतू नाही. पण एक गोष्ट सरकारदरबारी मांडायला हवी. आपण शेतकऱ्याला परवाना देतो, नूतनीकरण करतो, निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करून घेतो. या सगळ्या फेऱ्यांत त्याच्या कानांचा विचार कुठे येतो? परवान्याच्या नूतनीकरणावेळी इअरमफची एक जोडी आणि कानाची तपासणी, एवढे झाले तरी पुष्कळ. सौर कुंपणाला अनुदान आणि पीकनुकसानीची भरपाई वेळेत मिळाली, तर बार काढण्याची वेळही कमी येईल.

मग काय घ्यावे?

नळीच्या तोंडावर काही नको, कानावर हवे. फोमचे बोळे काही दहा रुपयांत मिळतात. ते बोटांत वळून बारीक करावेत, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सारावेत आणि फुगेपर्यंत धरून ठेवावेत. नीट बसले तरच उपयोग. कापसाच्या बोळ्यावर भिस्त ठेवू नये, त्याने फारसे काही अडत नाही. वरून इअरमफ घातला तर संरक्षण आणखी वाढते. रात्री पाचोळ्यातली चाहूल ऐकू यायला हवी, ही आजोबांची अडचण खरी आहे. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक इअरमफ असतो. तो बारीक आवाज आत सोडतो आणि मोठा आवाज अडवतो. किंमत काही हजार. मुलांना बंदुकीजवळ उभे करूच नये. आणि बारानंतर कान बंद वाटला किंवा गुणगुण दुसऱ्या दिवशीही राहिली, तर 'होईल बरे' म्हणून थांबू नये. कारवार, हुबळी किंवा बेळगावला कानाच्या डॉक्टरांना लगेच दाखवावे. सुरुवातीच्या दिवसांतच उपचाराला वाव असतो.

त्या मुलाने कान तपासून घेतला. आता ठीक आहे. आजोबांसाठी त्याने इलेक्ट्रॉनिक इअरमफ नेला, तेव्हा ते म्हणाले, "माझे आता काय राहिले आहे? तूच घाल." त्याने दुसरी जोडी दाखवली, मग त्यांनी घातला.

आपल्यापैकी ज्यांच्या गावच्या घरी बंदूक आहे, त्यांनी येत्या सुट्टीत जाताना मिठाईच्या पुड्याबरोबर ही वस्तूही न्यावी, एवढीच विनंती.